बंद यंत्राने किती वर्षं ओ द्यावी

आदरणीय आयडेला मावशी,

ऑरिनचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, छपरावरचं शेवाळ कुणी खरवडून दिलं का, आणि शेजारच्या ओलाफसनांच्या गाई अजून तुझ्या कुंपणावर माना टाकून स्वयंपाकघरात बघतात का, ते सविस्तर कळव. मी ठीक आहे. सर्दी आहे, पण ती माझी नेहमीची, नवी नव्हे. घरमालकीण चांगली बाई आहे. (ती माझ्या खोलीत येत नाही. आली असती तर मी संगणकावर अंघोळीचा टॉवेल का टाकून ठेवतो, असं तिने विचारलं असतं. ते पुढे येईलच.)

तुझा बुधवारचा निरोप मिळाला. मी तो पुन्हा पुन्हा ऐकला. "अरे ऑरिन, आज तुझे काका दुपारीच निघाले रे! बरंबिरं नाही की काय त्यांना? कॅसरोल आत्ताच ओव्हनमध्ये भाजायला टाकू, का थांबू जरा?" मावशी, याचं उत्तर त्याच दिवशी द्यायला हवं होतं. पण हार्लन काकांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि तरीही 'तुला भास झाला' असं मला म्हणता येत नाही, कारण तो झालेला नाही. असलं उत्तर फोनवर कसं द्यायचं? फोनवर मी घाबरतो आणि नुसतं हो हो म्हणतो. कागदावर निदान खोडता येतं. म्हणून हे पत्र.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू सगळ्यांसमोर सांगितलंस की स्वयंपाकघरातला काकांचा संगणक रोज संध्याकाळी आपला आपण उजळतो आणि त्यावर 'निघालो' असं उमटतं. तेव्हा ग्लेंडाने काटा खाली ठेवला होता. ती तुझी मुलगी आहे, तिला तुझी काळजी आहे, हे मला मान्य आहे. पण तिचा आवाज डॉक्टरसारखा झाला होता. "आई, तो संगणक मी माझ्या हाताने बंद केलाय. बंद वस्तू बंद असते. उन्हाळ्याच्या आत हे घर विकू, तू बॉइसीला चल माझ्याजवळ, तिथे नर्सबाई येतात रोज." आणि तू म्हणालीस, "म्हणजे तुझ्या बापाने घरी येऊन कुलूप बघायचं, असंच ना?" त्यावर ग्लेंडाने सगळ्यांना भोपळ्याची गोड पाई वाढायला घेतली.

तर मावशी, ग्लेंडा चुकली. तिचा दोष नाही. बंद वस्तू बंद असते असं सगळ्या जगालाच वाटतं, आणि ती तशी नसते यावर माझा पगार चालतो. आमच्याकडे, म्हणजे काका होते त्याच कंपनीत, काय चालतं हे त्यांनी तुला सांगितलं नसेल. (ते कामावरचं घरी बोलत नसत. घरचं मात्र कामावर सगळं बोलत. तुझ्या गुडघ्याची माहिती आमच्या अख्ख्या समितीला आहे.) मोठमोठ्या कचेऱ्यांत हजारो संगणक असतात. एखादा बिघडला की दर वेळी माणूस पाठवायचा कुठून? म्हणून प्रत्येकाच्या पोटात एक छोटासा पहारेकरी बसवलेला असतो. संगणक बंद केला, पडदा काळा झाला, पंखा थांबला, माणूस दिवे मालवून घरी गेला, तरी वायर भिंतीत आहे तोवर हा पहारेकरी जागा असतो. लांबून, दुसऱ्या गावातून, कुणी ठरलेली हाक मारली की तो ओ देतो आणि मोठ्याला उठवतो. मग तो लांबचा माणूस तुझा पडदा बघू शकतो, तुझी बटणं दाबू शकतो. तू समोर नसलीस तरी. तुला कळलं नाही तरी. (हे समजल्यापासून मी टॉवेल टाकतो. टॉवेलने काहीही होत नाही, हे मला दोनदा समजावून सांगण्यात आलं आहे. मी टाकतो.)

आमच्या तपासणीच्या खोलीत असे शेकडो संगणक फळ्यांवर ओळीने ठेवलेले आहेत, सगळे बंद. प्रत्येकावर एक हिरवा ठिपका. वायरी तपासणं आणि धूळ पुसणं माझ्याकडे असतं. मी एका ओळीची धूळ पुसत असताना माझ्या पाठीमागच्या ओळीत एखादा पंखा सुरू होतो, थोडा फिरतो आणि थांबतो, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. नवा होतो तेव्हा मी क्वानला विचारलं होतं. क्वान म्हणजे आमचा वरिष्ठ इंजिनियर, थॅडियस क्वान; हुशार आहे आणि ते त्याला माहीत आहे. मी म्हटलं, "हा कुणी चालू केला?" तो सँडविच खात म्हणाला, "हाक आली असेल." "कुणाची?" "ज्याला हाक माहीत आहे त्याची." आणि त्याने लोणच्याची काकडी काढून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवली, जणू विषय संपला.

आता कोणत्या हाकेला किती वर्षं ओ द्यायची, हे कुणीतरी ठरवायला हवं. त्यासाठी समिती आहे. ती बुधवारी सकाळी भरते आणि एवढंच ठरवते. एखादी हाक 'पक्की' ठरली की ते वचन झालं: नवी यंत्रं येवोत, लिहिणारा माणूस नोकरी सोडून जावो, त्या हाकेला तशीच ओ येत राहणार. 'कच्ची' म्हणजे आज देतो, उद्या बदलू, बदलण्याआधी कळवू. आणि 'घरगुती' म्हणजे आपली आपल्यात. बाहेरच्याने मारली आणि ओ आली नाही तर त्याने आमच्या नावाने रडू नये. ऐकायला सोपं वाटतं, पण यावरून माणसं एकमेकांशी महिनोन्‌महिने बोलत नाहीत. कारण एकदा पक्कं म्हटलं की चूकसुद्धा पक्की. पूर्वी एका हाकेचं स्पेलिंगच कुणीतरी चुकवलं होतं. लक्षात यायच्या आत ती पक्की ठरली, आणि आता ठिकठिकाणचे संगणक चुकीच्या स्पेलिंगला ओ देतात, बरोबर लिहिलं तर गप्प बसतात. त्या प्रकारानंतर समितीला वाटलं की स्पेलिंग येणारा एखादा मुलगा जवळ असलेला बरा, आणि कॉलेज एका वर्षात सोडलेला तुझा भाचा तिथे टिपणं घ्यायला बसला. (मला समितीत बोलायचा अधिकार नाही. स्पेलिंगपुरता आहे.)

समितीचा एक नियम मात्र मला फार आवडतो, आणि या सगळ्या भानगडीचं मूळ तोच आहे. जी हाक कुणीतरी वापरतं आहे, ती त्या वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काढायची नाही. त्याने स्वतः 'हरकत नाही' म्हणायला हवं. मार्लिस बाई, म्हणजे आमच्या अध्यक्ष, यात कुणाचं ऐकत नाहीत. त्या म्हणतात, "वचन देताना आपण एकटे असतो, मोडताना दोघे लागतात."

या वर्षी नवं यंत्र येतंय, म्हणून जुन्या हाका निवडायला घेतल्या, पेटीतले बटाटे निवडतात तशा. त्यात काकांनी लिहिलेली एक निघाली. तिला ना किल्ली, ना परवलीचा शब्द. कुणीही तारेवरून 'आहेस का?' म्हणावं, की पलीकडचा पहारेकरी 'आहे' म्हणतो, संगणकाला उठवतो आणि पडद्यावर सांगितलेली एक ओळ लिहितो. बस्स. क्वान म्हणाला, "बिनकुलपाची आहे. काढा. असली हाक वापरत कोण असणार?" मार्लिस बाई म्हणाल्या, "असणार-नसणार नको. ऐकून बघ." क्वान तारेला कान लावून बसला. पुढच्या बुधवारी आला तेव्हा त्याने कॉफी घेतली नाही. म्हणाला, "एक जण वापरतोय. आपल्याच इमारतीतून संध्याकाळी एक हाक जाते. डोंगरापलीकडे, समुद्राच्या बाजूला. आणि परत ओ येते."

मग आम्ही वायर धरून शोधत निघालो. ती छतावरून, जिन्यामागून, नाताळची सजावट ठेवतात त्या कपाटात गेली. कपाट उघडलं तर चंदेरी झिरमिळ्या, कागदाचं एक हरीण, आणि त्यांच्या मागे एक जुना संगणक. त्याला पडदा नव्हता, पण तो चालू होता आणि कोमट होता. त्यावर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली: 'बंद करू नये. शंका असल्यास हार्लनला विचारावे.' मावशी, आमच्याकडे अशी चिठ्ठी लावलेलं यंत्र त्या माणसाला विचारल्याशिवाय कुणीही बंद करत नाही. हा रिवाज आहे. सफाईवाले, वीजवाले, भिंती रंगवणारे, सगळ्यांनी ती वाचली असणार, हार्लनची चौकशी केली असणार, आणि हार्लन कुठे सापडला नाही म्हणून हरीण पुन्हा जागेवर ठेवून कपाट लावून घेतलं असणार.

क्वान म्हणाला, "हार्लन मेलाय."

मार्लिस बाई म्हणाल्या, "म्हणजे विचारता येत नाही. म्हणजे बंद करता येत नाही."

"बाई, मेलेला माणूस वापरणारा कसा धरायचा?"

"वापरणारा मेला असेल रे. वापर चालू आहे ना?"

हे मी टिपणात उतरवून घेतलं. (स्पेलिंग दोनदा तपासलं. चूक नाही.)

काकांनी हे कशासाठी केलं होतं, ते शोधायला या हुशार माणसांना आठवडा लागला. तुला विचारलं असतं तर पाणी प्यायच्या आत कळलं असतं. घरी यायच्या विल्सन नदीच्या रस्त्यावर डोंगरभर फोन लागत नाही. म्हणून काका कंपनीच्या गेटवर गळ्यातलं कार्ड लावून बाहेर पडले, की कपाटातलं यंत्र तुझ्या स्वयंपाकघराला हाक मारायचं, पडद्यावर 'निघालो' यायचं आणि तू कॅसरोल ओव्हनमध्ये टाकायचीस. काका दारात, कॅसरोल टेबलावर. शेवटच्या दिवशीही 'निघालो' आलं होतं. मग माथ्यावर छातीत कळ आली आणि त्यांनी गाडी नीट बाजूला घेतली, इंडिकेटर लावला, आणि त्यानंतर गेले. माणूस नियमाचा. मी कधी त्या वळणावरून जातो तेव्हा मलाही तिथे इंडिकेटर लावावासा वाटतो. (लावतो.)

मग आता गेटवर काकांचं कार्ड लावतंय कोण? मार्लिस बाईंनी तिथल्या तिथे तपासायचं ठरवलं. क्वान बाहेर जाऊन आला. काही नाही. स्वतः बाई जाऊन आल्या. काही नाही. मग त्यांनी खोलीत उरलेल्या माणसाकडे पाहिलं. "ऑरिन, तू जा." मी गेलो. बाहेर भुरभुर चालू होती. कार्ड लावलं, गेट 'टिंग' म्हणालं, मी बाहेर पडलो, दुसऱ्या बाजूने आत आलो. परत कपाटापाशी पोचलो तर सगळे उभे होते. क्वानच्या हातात हरीण होतं आणि ते खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं. "ओ आली," तो म्हणाला. तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती, मावशी. तोच तुझा बुधवार.

उलगडा गेटवरच्या व्हर्नेलने केला. आमच्याकडे माणसं जातात, क्रमांक जात नाहीत. रिकामा झालेला क्रमांक पुढच्या माणसाला देतात. मी लागलो तेव्हा त्याने मुद्दाम निवडून मला काकांचा दिला होता. "म्हटलं, घरातल्या घरात राहील. तुला सांगायचं राहिलंच बघ." कपाटातल्या यंत्राला काय, क्रमांक दिसला की काका निघाले. तो कुणाच्या गळ्यात आहे हे ते बघत नाही.

म्हणजे रोज संध्याकाळी 'निघालो' म्हणतो तो मी. मी गेटबाहेर पडतो, कोपऱ्यावरच्या दुकानातून सूपचा डबा घेतो, खोलीवर येतो आणि तो भांड्यात न ओतता तसाच गरम करून पितो. आणि डोंगरापलीकडे तू ओव्हन लावतेस, दोन ताटं मांडतेस, आणि येणारा येत नाही. मी कुणालाही इतका वेळ ताटकळत ठेवलेलं नाही, आणि ठेवलं तेही मला न कळता, आणि तुला.

समितीत अजून वाद चालू आहे. क्वान म्हणतो, बिनकुलपाची हाक ठेवणं म्हणजे चोराला घरचा पत्ता देणं. आजच्या आज काढा. त्याचं चूक नाही. मार्लिस बाई म्हणतात, कपाटातली चिठ्ठी राहू दे, पण जिच्या घरात दिवा लागतो तीही वापरणारीच. तिला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. निर्णय येत्या बुधवारी.

तर अशी सरळ हकीकत आहे. तुला भास होत नव्हते, आणि भुताखेताचंही काही नाही. तारा आहेत, क्रमांक आहे, आणि मी आहे. गुडघ्याला शेक देत जा. ओलाफसनांना आणि त्यांच्या गाईंना माझी आठवण सांग.

तुझा आज्ञाधारक भाचा,
ऑरिन

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. बुधवारी सकाळी समिती तुला फोन करील. मार्लिस बाई विचारतील, "ही हाक काढायला तुमची हरकत आहे का?" तू एवढंच म्हण: "हरकत आहे." गाईंचं काढू नकोस, काढलंस तर क्वान घड्याळ बघेल. तू हरकत घेतलीस की टिपणात लिहावं लागेल की श्रीमती आयडेला यांच्या स्वयंपाकघरातलं बंद यंत्र रोज खरोखर उजळतं. ते टिपण मी स्वच्छ अक्षरात उतरवून, बाईंची सही घेऊन ग्लेंडाला पाठवीन. म्हणजे घर विकायचं कारणच उरणार नाही. कुणाचं डोकं तपासायचं असेलच तर तिने आमच्या समितीचं तपासावं.

ता. क. २. वरचं सगळं लिहून, वाचून, पाकीट चिकटवून झालं होतं. पाकीट पुन्हा फोडलं आहे, त्याबद्दल क्षमस्व. तू थँक्सगिव्हिंगला आणखी एक वाक्य बोलली होतीस. "अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवसापासून एक दिवस चुकला नाही, रविवार सोडून." मी नोकरीला लागलो तो काकांना जाऊन वर्ष झाल्यावर. त्या वर्षात हा क्रमांक कुणाच्याच गळ्यात नव्हता. व्हर्नेल म्हणतो, जुनं कार्ड त्याने स्वतः कात्रीने कापलं. आणि दुसरं असं की रविवारी मला सुटी असते हे खरं, पण मला शनिवारीही असते. शनिवारी काका कामावर जायचे. मी क्वानला फोन करून विचारलं, की बिनकुलपाची हाक आहे, तर दुसरंही कुणी मारत असेल ना? तो हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "मारील की. ज्याला माहीत आहे तो." ही हाक एकट्या काकांनी लिहिली होती आणि त्यांनी ती कुणालाही शिकवलेली नाही. आज शनिवार आहे, मावशी. मी सकाळपासून खोलीतून हललेलो नाही. कार्ड समोर टेबलावर आहे. मी त्याच्यावरही टॉवेल टाकला आहे.

ता. क. ३. पुढच्या शनिवारी मी तुझ्याकडे जेवायला येतो. कार्ड खिशात घेऊन, दुपारीच, उजेडी. म्हणून बुधवारी हरकत नक्की घे, नाहीतर क्वान आधीच सगळं काढून टाकील आणि आपल्याला कधीच कळणार नाही. काकांची निघायची वेळ होईपर्यंत आपण दोघं पडद्यासमोर बसू. पडदा काळा राहिला, तर आजवरच्या सगळ्या कॅसरोलांबद्दल मी तुझी माफी मागेन आणि समोरचं सगळं संपवीन. उजळला, तर निघालेल्याला तिथवर पोचायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात काय बोलायचं ते मला सुचत नाही. मार्लिस बाईंना फोनवर विचारलं, त्या म्हणतात की तसं झालं तर समिती ती हाक पक्कीच करील, कारण मग वापरणारं माणूस दोन्ही टोकांना आहे. ताटं किती मांडायची ते तू ठरव. मला फक्त दाराकडे तोंड असलेली खुर्ची दे.